अलिबागच्या किनाऱ्यावर घर घ्यायचं तर आधी विहीर, वाट आणि सातबारा

मांडवा ते रेवदंडा या पट्ट्यात घर शोधायला माणसं पहिल्यांदा येतात ती बहुतेक डिसेंबरात, शनिवारी सकाळी. हवा गार असते, विहीर भरलेली असते, कौलं गळत नसतात, वाट कोरडी असते आणि दलालाने वाडी झाडून घेतलेली असते. घराचे सगळे दोष त्या दिवशी सुट्टीवर असतात. म्हणून या किनाऱ्यावरच्या घराची पारख समुद्राकडे पाठ करून करायची. समुद्र सगळ्यांना सारखाच मिळतो. गोडं पाणी, गाडी जाईल अशी हक्काची वाट आणि स्वच्छ सातबारा या तीन गोष्टी मात्र घरागणिक बदलतात, आणि पुढे पस्तावायला लागतं ते यांच्यापायीच.

गाव कोणतं

उत्तरेकडची मांडवा, सासवणे, आवास, किहीम ही गावं जेट्टीला जवळ, म्हणून मुंबईकरांची पहिली पसंती. इथे उंच कुंपणांचे बंगले जास्त आणि सोमवार ते शुक्रवार त्यांच्या खिडक्या बंद. शेजार हवा असेल तर हे ध्यानात ठेवा. थळला खताचा मोठा कारखाना आहे, तेव्हा त्या बाजूची जागा वारा कुठून वाहतो ते बघून घ्यावी. वरसोली जवळजवळ अलिबाग शहरच. आक्षी शांत आहे, सुरूच्या बनातून समुद्रावर जायचं. नागावला वाड्या सुंदर, पण सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर पाण्यातल्या खेळांची यंत्रं, वाळूतल्या गाड्या आणि रात्री रिसॉर्टांचे स्पीकर. चौल-रेवदंड्याला जुनी देवळं, पाखाड्या, बाजारपेठ, आणि गर्दी त्या मानाने कमी. काशीद-मुरूडसाठी रेवदंड्याची खाडी साळावच्या पुलावरून ओलांडावी लागते, म्हणजे आठवड्याला मुंबईला ये-जा करणाऱ्याने तिकडे फार ओढ धरू नये.

जाण्यायेण्याचा हिशेब पावसाळ्यातला धरा. गेटवे ते मांडवा लाँचा पावसाळ्यात बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी रो-रो सुरू झाली. ती तासाभरात मांडव्याला लावते आणि पावसातही चालते, मात्र समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. रस्त्याने यायचं तर जानेवारी २०२४ मध्ये उघडलेल्या अटल सेतूमुळे उरण-पनवेलच्या बाजूचा वेळ वाचतो. वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड हा तुकडा आहे तसाच आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी वाचवलेला सगळा वेळ तिथेच जातो. करंजा-रेवस पुलाचं काम चालू आहे. तो झाला की सोय होईलच, पण दलालांच्या तोंडी तो कित्येक वर्षं ‘पुढच्या वर्षी’ होतो आहे. होणाऱ्या पुलाचे पैसे आज देऊ नका.

आधी भाड्याने राहा

शक्य असेल तर जून ते पुढचा मे असं वर्ष त्याच गावात भाड्याने काढा. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवून घ्या, गावातही. एवढा वेळ नसेल तर जागा निदान तीनदा बघा.

पहिली फेरी जुलै-ऑगस्टमधल्या उधाणाला, ऐन भरतीच्या वेळी. भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि रात्री बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत उधाण सगळ्यात मोठं असतं. त्या वेळी वाडीत पाणी कुठवर येतं, वाटेवर गुडघाभर साचतं का, ओढ्याचं पाणी भरतीमुळे तुंबून मागे फिरतं का, ते डोळ्यांनी बघा. खाडीच्या बाजूची, खारेपाटातली जमीन असेल तर बांधाची अवस्था बघा. खारबंदिस्तीला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की खारं पाणी आत घुसतं आणि ती जमीन लगेच सुधारत नाही. स्वस्त मिळणाऱ्या ‘सी टच’ प्लॉटांपैकी काही असेच भराव घातलेले असतात. भरावाखाली चिखल असतो, पाया खचतो, आणि कांदळवन तोडून भराव झाला असेल तर ती जमीन घेणंच नको.

दुसरी फेरी मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाण्यासाठी. तिसरी एखाद्या शनिवारी रात्री अकराला, आवाजासाठी. कोळीवाड्याजवळ घर असेल तर पावसाळ्याबाहेर, मासळी वाळत घातलेली असताना एक चक्कर मारा. वास सोसवत नसेल तर दोष कोळीवाड्याचा नाही, तो आधीपासून तिथे आहे.

विहीर

किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर खाली चाळीसेक फुटांवर खारं पाणी सुरू होतं. पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू पाहतं. जुन्या वाड्यांतल्या विहिरी उथळ आणि रुंद आहेत त्या यासाठी. वरचं गोडं पाणी हळूहळू काढायचं, तळ ढवळायचा नाही. शेजारच्या बंगल्याने पोहण्याच्या तलावासाठी खोल बोअर मारली आणि मोठा पंप बसवला की आसपासच्या विहिरी मचूळ होतात. म्हणून विकणाऱ्याची विहीर बघताना शेजारच्या चार बोअरही मोजा.

तपासणी अशी करा. मे महिन्यात, पंप तासभर चालवून झाल्यावर, विहिरीच्या वरून नव्हे तर पंपातून पाणी बाटलीत भरा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा छोटा मीटर स्वस्तात मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं मानतात आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. हजाराच्या पुढे आकडा गेला तर चहा मचूळ लागतो, डाळ शिजत नाही आणि गिझरची कॉइल टिकत नाही. मीटरवर भागवू नका, क्लोराइड आणि जिवाणू यांची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्या. जिवाणू सापडले तर बहुतेक वेळा कारण जवळच असतं: शोषखड्डा. रेताड जमिनीतून मैलापाणी भराभर झिरपतं, त्यामुळे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ ते १८ मीटर लांब हवा, आणि शेजाऱ्याचाही. दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटांवर हे अंतर बसतच नाही. लहान प्लॉटांच्या स्कीममध्ये प्रत्येक बंगल्याला स्वतःची बोअर दाखवली असेल तर नकाशावर पट्टी धरून अंतरं मोजा, विक्रेत्याला उत्तर देता येत नाही.

नळाचं पाणी ग्रामपंचायत योजनेतून येतं. किती दिवसांआड येतं हे घरमालकाला विचारू नका, शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा. विहीर सामाईक असेल तर सातबाऱ्यावर हिस्सा लिहिलेला हवा. ‘आपण सगळे तिथूनच भरतो’ ही वहिवाट चांगली, पण विकणारा गेला की त्याचा चुलतभाऊ रहाटाला कुलूप लावतो.

वाट

वाड्या लांबट पट्ट्यांत कापलेल्या आहेत, रस्त्यापासून समुद्राकडे. वाटण्या होत गेल्या तशी मागच्या हिश्श्याची वाट पुढच्याच्या अंगणातून राहिली. पायवाट आहे म्हणजे ट्रक जायची वाट आहे असं नाही. बांधकामाला रेती-खडीचा डंपर लागेल, पुढे सेप्टिक उपसायला टँकर लागेल, तेव्हा किमान ३ मीटर रुंद आणि वळणावर आणखी मोकळी जागा हवी. वाट ज्यांच्या जमिनीतून जाते त्यांचा गट नंबर, रुंदी आणि लांबी खरेदीखतात लिहून, त्या मालकाची सही असलेला स्वतंत्र नोंदणीकृत वाटहक्काचा दस्त करून घ्या. नुसतं शंभर रुपयांच्या स्टँपवरचं ‘हरकत नाही’ पुरत नाही. नंतर वाट अडवली तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

भरतीरेषा

सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याचं, अंतर मोजतात ते उच्चतम भरतीरेषेपासून, त्या दिवशी पाणी जिथे दिसलं तिथून नव्हे. मोबाईलच्या नकाशावर बोट फिरवून काढलेले २०० मीटर कुठेच ग्राह्य नाहीत. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनारा दोन गटांत विभागला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांत ५० मीटर, त्याहून विरळ गावांत २०० मीटर हा ना-विकास पट्टा. त्यापुढेही ५०० मीटरपर्यंत परवानगीचे नियम वेगळे. खाडीच्या काठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. कांदळवनाचं क्षेत्र १००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याच्या भोवती आणखी ५० मीटर सोडायचे. अलिबाग शहरासारख्या नागरी भागात मोजमाप वेगळं आहे: तिथे आधीच्या अधिकृत रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं.

तुमचा गट नंबर १:४००० प्रमाणाच्या मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर अधिकृत संस्थेकडून दाखवून घ्या. खर्च होतो, पण तो जागेच्या किमतीपुढे काहीच नाही. ना-विकास पट्ट्यात जुनं अधिकृत घर असेल तर त्याची दुरुस्ती किंवा मूळ आकारात फेरबांधणी होऊ शकते, वाढ होत नाही. म्हणून ‘पाडून मोठा बंगला बांधा’ हे दलालाचं वाक्य ऐकलं की जुन्या घराचा नकाशा आणि मोजमाप मागा. परवानगीशिवायचं बांधकाम पुढे कधीतरी नियमित होईल या भरवशावर इथे पुष्कळ पैसा अडकला आहे. नीरव मोदीचा किहीमचा तो गाजलेला बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला गेला, तेव्हा त्याच्या भिंती काही कच्च्या नव्हत्या.

किल्ल्यांजवळचा आणखी एक नियम विसरला जातो. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीचे. कुलाबा किल्ल्यासमोर किंवा रेवदंड्यात तटाजवळ घर बघत असाल तर हे आधी विचारा.

सातबारा वाचायचा कसा

सगळ्यात आधी क्षेत्र. सातबाऱ्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर असतं आणि बोलणं गुंठ्यात होतं. ०.०५.३० म्हणजे ५३० चौरस मीटर, म्हणजे ५.२४ गुंठे, म्हणजे साधारण ५७०५ चौरस फूट. एक गुंठा १०८९ चौरस फूट. विकणारा ‘साडेपाच गुंठे’ म्हणतो तेव्हा तो वरचा तुकडा बांधापलीकडचा असतो. पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी भाग, वेगळा दाखवलेला असतो, तोही बघा.

मग नावं. वाडीच्या सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं असणं नेहमीचं आहे. एकच नाव असेल तर हायसं वाटतं, पण त्यामागे ‘ए.कु.पु.’ अशी अक्षरं आहेत का बघा. एकत्र कुटुंब पुढारी, म्हणजे नाव थोरल्याचं पण हक्क सगळ्या भावंडांचे. लग्न होऊन गेलेल्या बहिणी, मुंबईला गिरणीत गेलेल्या काकांची मुलं, परदेशातला पुतण्या या सगळ्यांच्या सह्या लागतात. बहिणींनी हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणावं, ‘ताई काही बोलणार नाही’ हा कागद नव्हे. या किनाऱ्यावरचे बहुतेक दावे इथूनच सुरू होतात.

‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. ‘इतर हक्क’ हा रकाना शेवटून वाचा: कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, कुळकायद्याच्या कलम ४३ च्या अटी. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर ३२-म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र कधीचं आहे ते बघा. ते मिळून दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून विकता येते, नाहीतर आधी परवानगी. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जातच नाही, आणि ठाकूर-कातकरी वाड्यांच्या जवळचे प्लॉट घेताना मागचे फेरफार यासाठीच तपासायचे. फेरफार निदान तीस वर्षांचे काढा, कुळांचा प्रश्न असेल तर १९५७ पर्यंत मागे जा.

तुम्ही शेतकरी नसाल तर महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३. ‘दाखला करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर पुढे जमीन सरकारजमा होऊ शकते. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनाही, अनिवासी असोत वा ओसीआय कार्डवाले, शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेलं राहू शकतं. त्यांनी बिनशेती प्लॉट किंवा बांधलेलं घरच बघावं. बिनशेतीचा आदेश किंवा सनद, मंजूर रेखांकन आणि बांधकामाचा मंजूर नकाशा हे तिन्ही मागा. बिनशेतीच्या नियमांत वरचेवर बदल होतात, तेव्हा शेजारच्याला पाच वर्षांपूर्वी कसं जमलं हे आज उपयोगाचं नाही. गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीची ना हरकत म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. झोन दाखला घेतल्याशिवाय इसार देऊ नका, हरित विभागात किती बांधता येतं ते त्यावरून ठरतं. मोठ्या गटातून पाच-सात गुंठे तोडून देणारे बरेच भेटतात. तुकडेबंदीत बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे ही खालची मर्यादा आहे. सवलती आल्या आहेत, पण त्या तुमच्या गटाला लागू आहेत हे लेखी दिसायला हवं.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नाही. वाड्यांमध्ये जमीन एकाची आणि तिच्यातलं घर दुसऱ्याचं हा प्रकार सर्रास सापडतो. नमुना ८ वर घराचं नाव आणि जमिनीच्या कागदावरचं नाव एकच आहे ना, हे दोन कागद शेजारी ठेवून बघा.

बंगल्यांची किंवा प्लॉटांची स्कीम ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आणि आठपेक्षा जास्त घरांची असेल तर महारेरा नोंदणी हवी. नोंदणी नंबर टाकला की त्यांच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा दिसतो. माहितीपत्रकातलं क्लबहाऊस त्यात आहे का तेवढं बघा.

व्यवहार

क्रम चुकवू नका. आधी वकिलाकडून टायटल सर्च आणि इंडेक्स-२, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा. मग ‘कृषीवल’सारख्या जिल्ह्यातल्या दैनिकात आणि एका मुंबईच्या दैनिकात जाहीर नोटीस, हरकतीला १५ दिवस. मुंबईचं दैनिक यासाठी की निम्मे हिस्सेदार लालबाग-डोंबिवलीत राहतात. मग भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, तिच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात येईपर्यंत थांबायचं. मोजणीला शेजारचे चारही खातेदार हजर राहतील असं बघा, नाहीतर कुंपणाच्या पहिल्या खांबाला भांडण ठरलेलं. हद्दीवरचा माड कोणाचा हेही त्याच दिवशी विचारून घ्या. हसण्यावारी नेऊ नका, एका माडावरून दोन पिढ्या बोलत नाहीत.

त्यानंतर नोंदणीकृत साठेखत, आणि शेवटी खरेदीखत. इसाराची २०,००० किंवा त्याहून मोठी रक्कम रोखीने देणं-घेणं आयकर कायद्यात बसत नाही. कुलमुखत्यारपत्रावर विक्री होत असेल तर मूळ मालक हयात आहे का आणि पत्र रद्द झालेलं नाही ना, त्याच्याशी समोरासमोर बोलून खात्री करा. मुद्रांक शुल्क ग्रामपंचायत हद्दीत ५ आणि नगरपरिषद हद्दीत ६ टक्के धरून चला, घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. नक्की आकडा दुय्यम निबंधकांकडून घ्या. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा आयकर, तुम्हीच कापून भरायचा. सही झाली म्हणजे संपलं नाही: फेरफाराची नोंद पडून, १५ दिवसांची हरकत-मुदत जाऊन, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेला तुमच्या नावाचा सातबारा बघितल्यावरच घराला रंग काढायचा.

कर्ज नको असेल तरी बँकेत अर्ज करून बघा. बँकेचा वकील ज्या कागदावर अडतो तोच कागद पुढे तुम्हाला अडवतो.

जुनं घर तपासताना

जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं घर दिसायला देखणं आणि राहायला गार. जोत्याजवळचे चिरे नखाने खरवडून बघा, भुगा पडत असेल तर ओल वर चढते आहे. चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर ओल आतच कोंडते आणि गिलावा पापुद्र्याने सुटतो. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, महाग पडला तरी तोच करा. आढं, वासे, रिपा टोच्याने टोचून बघा, विशेषतः वाशांची भिंतीत शिरणारी टोकं. वाळवी तिथून सुरू होते आणि मधला वासा ठणठणीत दिसतो.

१९८० नंतरचे स्लॅबचे बंगले मात्र संशयानेच बघावेत. खाडीची न धुतलेली रेती आणि विहिरीचं मचूळ पाणी काँक्रीटला वापरलं की क्षार सुरुवातीपासूनच आत बसतात. सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. स्लॅबच्या खालून हातोडीने ठोकत जा: बद्द आवाज, सळईच्या रेषेत गेलेली चीर, तपकिरी डाग. ताजा रंग आणि नवं पीओपीचं छत दिसलं तर एक पत्रा काढून आत बघू द्या म्हणा. अशा घराला वरून गिलावा मारणं म्हणजे गळवावर पावडर. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून क्लोराइड आणि गंजाची चाचणी करून घ्या, आणि आकडा वाईट असेल तर भाव फक्त जमिनीचा लावा.

बांधताना

किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतो. लाटांचे तुषार पोचत असतील तर एम-३५ आणि ५० मिमी. गावातले कंत्राटदार सवयीने २० मिमीचे कव्हर ब्लॉक आणतात. ओतण्याच्या आदल्या दिवशी स्वतः मोजा. पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, म्हणजे काँक्रीटसाठी गोड्या पाण्याचा टँकर. स्लॅग सिमेंट क्षारांना जास्त दाद देत नाही. रेती धुतलेली किंवा क्रश सँड.

बिजागऱ्या, कड्या, स्क्रू पितळी किंवा ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे. साधा ३०४ स्टील इथे वर्षा-दोन वर्षांत चहाच्या डागासारखे ठिपके धरतो. नैर्ऋत्येच्या खिडक्यांना ७५ सेंमीचे छज्जे द्या, कारण पाऊस इथे वरून पडत नाही, आडवा येतो. जुनी माणसं पडवीला पश्चिमेकडून झावळ्यांची झापं बांधत ती उगाच नव्हे. पत्र्याचं छप्पर असेल तर कडेला आणि आढ्याजवळ स्क्रूंचं अंतर मधल्यापेक्षा निम्मं ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे कडेपासून सोलले गेले. त्याच वादळात माड-पोफळी घरांवर पडल्या, तेव्हा नवं घर बांधताना वाकलेले, खोडाला भोकं पडलेले माड आधी उतरवून घ्या आणि गाडी, झोपाळा, पाण्याची टाकी माडाखाली ठेवू नका.

राहायला लागल्यावर

खारा वारा सगळ्याला गंज चढवतो. एसीचं बाहेरचं यंत्र शक्यतो पूर्वेला, आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचं. किनाऱ्यावर गाडी नेलीत तर खालून धुवा. (वाळूत गाडी न्यायचीच नसते. दर सुट्टीत भरतीत एखादी रुततेच, आणि ती ओढायला गावच्या ट्रॅक्टरचा भाव पाण्याच्या पातळीप्रमाणे चढतो.) ग्रिलला दोन वर्षांनी प्रायमर आणि रंग. पावसाळ्यात घर बंद ठेवलंत तर गाद्या, पुस्तकं, चामड्याच्या वस्तू यांवर बुरशी येणारच. आठवड्यातून एकदा कोणीतरी दारं-खिडक्या उघडणारं हवं. वीज जाते आणि परत येताना दाब वर-खाली होतो, म्हणून इन्व्हर्टरबरोबर सर्ज प्रोटेक्टर बसवा. वादळानंतर दिवसच्या दिवस अंधारात काढायची तयारी म्हणजे पाणी उपसायला छोटा जनरेटर किंवा विहिरीवर दोर आणि पोहरा.

वाडी घराबरोबर आली असेल तर तिला माणूस लागतो. शिंपण, खत, पडलेल्या झावळ्या, वर्षातून सहा-आठ वेळा नारळ उतरवणं. राखणदाराला पगार ठरवा आणि नारळ-सुपारीचा वाटाही बोलून ठेवा, सगळं उत्पन्न आपलंच म्हणणाऱ्याची वाडी दोन वर्षांत सुकते. मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते, तेव्हा मेमध्येच सुकट, बोंबील, सोडे भरून ठेवायचे. ते कुठून घ्यायचे ते शेजारीण सांगेल, फक्त तिच्या अंगणातून जाणारी वाट गाडी लावून अडवू नका.